उद्यानातल्या मोफत वायफायची नियमावली: फलकावर नेमकं काय लिहायचं?

हिरवळ (धागाकर्ती)

सार्वजनिक उद्यानातल्या मोफत वायफायसाठी प्रवेशद्वाराशी नवा फलक लावायचा आहे. जुन्या फलकावर चार वाक्यं आहेत: बँकिंग करू नये, गैरवापर करू नये, मोठ्या फाइल डाउनलोड करू नयेत, वेग कमी असल्यास तक्रार करू नये. सविस्तर अटी लॉगिनच्या पानावर आहेत, त्या इतक्या लांबलचक की सगळे न वाचताच "मान्य" दाबतात.

व्यवस्था अशी: चार खांबांवर ॲक्सेस पॉइंट (वायफायचा सिग्नल देणारी यंत्रं), सगळ्यांना मिळून १०० एमबीपीएसची एक लाइन, नेटवर्क उघडं म्हणजे पासवर्डशिवाय. मोबाइल क्रमांक टाकला की ओटीपी येतो. एका वेळी ६० मिनिटं, एका क्रमांकावर दोन उपकरणं.

विचारायचं ते असं. उघड्या वायफायवर बँकेचं काम करू नये, हा नियम आजही खरा आहे का? त्यापेक्षा फलकावरच पासवर्ड लिहिला तर जास्त सुरक्षित होईल का? सगळ्यात मोठी तक्रार "लॉगिनचं पानच उघडत नाही" ही आहे, त्यावर फलकात दोन ओळी लिहिता येतील का? आणि वेळेची किंवा डेटाची मर्यादा किती ठेवावी, म्हणजे ती सगळ्यांना न्याय्य वाटेल?

फलक अडीच फूट बाय तीन फूट. दहा-बारा ओळींपलीकडे जायचं नाही.

---

पोर्ट ४४३

पहिलं वाक्य आधी पुसा. "बँकिंग करू नये" हा नियम ज्या काळातला आहे, तेव्हा बरीच संकेतस्थळं फक्त लॉगिनचं पान एन्क्रिप्ट करायची (म्हणजे मधल्या कोणाला वाचता येणार नाही असं सांकेतिक रूपात पाठवायची) आणि पुढचं सगळं उघड्यावर जायचं. २०१० मध्ये फायरशीप नावाचं फायरफॉक्सचं एक्स्टेंशन आलं. त्यातून शेजारच्या बाकावरच्या माणसाचं चालू खातं आपल्या लॅपटॉपवर एका क्लिकमध्ये उघडता यायचं. मग २०१२ मध्ये एचएसटीएस हे ब्राउझरला एन्क्रिप्टेड जोडणीच वापरायला लावणारं मानक आलं, २०१५ च्या अखेरीस लेट्स एन्क्रिप्ट या सेवेने सर्व संकेतस्थळांना फुकट प्रमाणपत्रं (संकेतस्थळाची ओळख पटवणारी, एन्क्रिप्टेड जोडणीला लागणारी) द्यायला सुरुवात केली, आणि आता बँकेचं ॲप काय किंवा ईमेल काय, जवळजवळ सगळं एचटीटीपीएससारख्या एन्क्रिप्टेड जोडणीवरूनच जातं. हवेतून डेटा पकडत बसलेल्याला तुम्ही कुठल्या संकेतस्थळावर आहात ते नाव सहसा कळतं. तिथे काय करताय ते कळत नाही.

खरा धोका नेटवर्कच्या नावात आहे. ते नाव म्हणजे नुसता मजकूर. कोणीही आपल्या फोनच्या हॉटस्पॉटला उद्यानाचंच नाव देऊ शकतो आणि तुमच्यासारखंच दिसणारं लॉगिनचं पान दाखवू शकतो. त्यामुळे फलकावर "कोणत्या संकेतस्थळावर जाऊ नका" हे लिहिण्याऐवजी "हे पान तुम्हाला काय विचारेल आणि काय कधीच विचारणार नाही" हे लिहा. तुमचं पान मोबाइल क्रमांक आणि ओटीपी मागतं, बस. ईमेलचा पासवर्ड, कार्डाचा क्रमांक, ॲप इन्स्टॉल करा, प्रमाणपत्र किंवा प्रोफाइल इन्स्टॉल करा, यातलं काहीही विचारलं तर ते पान तुमचं नव्हे.

त्यातही प्रमाणपत्राची मागणी सगळ्यात घातक. कार्डाचा क्रमांक गेला तर कार्ड बंद करता येतं. पण परक्याचं मूळ प्रमाणपत्र (इतर प्रमाणपत्रांची हमी देणारं) विश्वासार्ह म्हणून एकदा फोनमध्ये बसवलं की तो माणूस मध्ये उभा राहून एचटीटीपीएससुद्धा उघडून वाचू शकतो, ब्राउझर हूं की चूं करत नाही. उद्यानातून घरी गेलात तरी ते प्रमाणपत्र फोनमध्येच राहतं.

पासवर्डचं म्हणाल तर फलकावर लिहिलेल्या पासवर्डचा उपयोग फारसा नाही. डब्ल्यूपीए२ मध्ये (पासवर्डच्या वायफायची प्रचलित सुरक्षा पद्धत) पासवर्ड सगळ्यांना माहीत असेल, तर जोडणी होतानाची सुरुवातीची देवाणघेवाण पकडणारा कोणीही पुढची वाहतूक उलगडू शकतो. शिवाय तोच पासवर्ड लावून खोटं नेटवर्क उभारणं सोपं, आणि कुलपाचं चिन्ह दिसल्यामुळे लोक उलट निर्धास्त. ॲक्सेस पॉइंट बरे असतील तर त्यात "एन्हान्स्ड ओपन" हा पर्याय शोधा. वाय-फाय अलायन्सने तो २०१८ मध्ये आणला. पासवर्ड नसतानाही प्रत्येक उपकरणाची वाहतूक वेगळी एन्क्रिप्ट होते. जुन्या फोनना तो चालत नाही, म्हणून जुनं-नवं दोन्ही एकत्र चालणारा संक्रमणाचा पर्याय निवडावा लागतो. पण खोटं नेटवर्क ओळखायला याचाही उपयोग नाही, हे ध्यानात असू द्या.

राहिला ओटीपी. "माझा ओटीपी घ्या हो, तुमचं नेट चालू होईल" ही उद्यानातली नेहमीची परोपकारी सवय. सत्राची नोंद क्रमांकावर होते: किती वाजता, कोणतं उपकरण, कोणता आयपी पत्ता. त्या सत्रात कोणी धमकीची ईमेल पाठवली तर चौकशी ओटीपी देणाऱ्यापासून सुरू होते. "गैरवापर करू नये" या पोकळ वाक्याच्या जागी हेच लिहा, लोकांना लगेच पटतं.

---

लीज टाइम

लॉगिनचं पान न उघडण्याबद्दल. फोन नव्या वायफायला जोडला की तो गुपचूप एका ठरलेल्या पत्त्यावर साध्या, म्हणजे एन्क्रिप्ट न केलेल्या एचटीटीपीने विचारणा करतो. अँड्रॉइडला उत्तरात २०४ हा कोड हवा असतो, ॲपलच्या फोनला "सक्सेस" एवढं लिहिलेलं पान. त्याऐवजी दुसरंच काही आलं तर फोन ओळखतो की मध्ये लॉगिन आहे, आणि खिडकी उघडतो. ही साखळी कुठेही तुटली की फोनवर "इंटरनेट नाही" एवढंच दिसतं.

बहुतेक वेळा ती तुटते ती पुढच्यापैकी कशाने तरी.

व्हीपीएन (फोनची सगळी वाहतूक एन्क्रिप्ट करून दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारी सोय) "कायम चालू" ठेवलेला असतो. लॉगिन झाल्याशिवाय व्हीपीएन जुळत नाही आणि व्हीपीएन जुळल्याशिवाय फोन काही बाहेर जाऊ देत नाही. तो बंद करा, लॉगिन करा, मग चालू करा.

अँड्रॉइडमध्ये "प्रायव्हेट डीएनएस"ला (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणारी सेवा) ठरावीक सर्व्हरचं नाव दिलेलं असतं. त्याला ८५३ हा पोर्ट (नेटवर्कवरचं क्रमांक दिलेलं दार) लागतो, आणि बरीच सार्वजनिक नेटवर्कं तो बंद ठेवतात. सेटिंग "ऑटोमॅटिक" केलं की काम होतं.

तिसरा प्रकार सगळ्यात जास्त दिसतो: खिडकी आली, माणसाने ती चुकून बंद केली आणि ब्राउझरमध्ये नेहमीचं संकेतस्थळ उघडलं. ते एचटीटीपीएसवर असतं, त्याला मधूनच लॉगिनच्या पानाकडे वळवता येत नाही. मग एक तर पान नुसतं फिरत राहतं, नाही तर प्रमाणपत्राचा लाल इशारा येतो. तिथे "तरीही पुढे जा" दाबायचं नसतं. ब्राउझरच्या पट्टीत मुद्दाम साध्या एचटीटीपीचा पत्ता टाकायचा. नेव्हरएसएसएल डॉट कॉम हे संकेतस्थळ याच कामासाठी आहे, ते कधीच एचटीटीपीएसवर जात नाही. त्याहून बरं म्हणजे तुमच्या लॉगिनच्या पानाचा स्वतःचा छोटा पत्ता फलकावर छापा.

आता तुमच्या बाजूचं. तुमचा डीएचसीपी, म्हणजे प्रत्येक उपकरणाला आयपी पत्ता वाटणारी यंत्रणा, तपासा. नेटवर्कचा आकार /२४ असेल तर एकूण २५४ पत्ते, त्यातला एक राउटरचा. लीज, म्हणजे पत्ता एका उपकरणासाठी राखून ठेवण्याची मुदत, बहुतेक वेळा २४ तासांची ठेवलेली असते. सकाळी फिरायला येणाऱ्या प्रत्येकाचा फोन खिशातल्या खिशात आपोआप जोडला जातो, लॉगिन न करताही एक पत्ता अडवतो आणि मालक घरी गेल्यावरही तो पत्ता दुसऱ्या दिवसापर्यंत अडकून पडतो. दुपारी येणाऱ्याच्या फोनवर "आयपी पत्ता मिळवत आहे" हे संपतच नाही. लॅपटॉपवर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर हेच झालं असं समजा. नेटवर्क /२२ करा म्हणजे १०२२ पत्ते होतील, आणि लीज ३० ते ६० मिनिटांवर आणा. तुमच्या तक्रारींमधला मोठा हिस्सा यातच मिटेल असा माझा अंदाज आहे.

एका क्रमांकावर दोन उपकरणं, हा नियमही जरा विचित्र वागतो. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन खऱ्या मॅक पत्त्याऐवजी (उपकरणाचा कायमचा ओळख क्रमांक) बनावट पत्ता वापरतात, आणि काही सेटिंग्जमध्ये तो ठरावीक काळाने बदलतो. तुमची यंत्रणा त्याच फोनला नवं उपकरण समजते. एकच फोन असलेल्या माणसाला "दोन उपकरणांची मर्यादा संपली" असं दिसतं आणि तो सुरक्षारक्षकाशी भांडतो. २४ तास न दिसलेली उपकरणं यादीतून आपोआप जातील अशी सोय करा. वापरणाऱ्याने त्या नेटवर्कपुरता खासगी पत्ता "फिक्स्ड" वर ठेवला तरी भागतं. तो पूर्ण बंद करायला मात्र कोणाला सांगू नका.

ॲक्सेस पॉइंटचा कंट्रोलर (ते सगळे चालवणारी यंत्रणा) नवा असेल तर डीएचसीपीमधला ११४ क्रमांकाचा पर्याय भरा. त्यातून लॉगिनच्या पानाचा पत्ता फोनला थेट कळतो, ओळखाओळखीचा वरचा खेळ करावा लागत नाही. आयओएस १४ आणि अँड्रॉइड ११ पासून पुढे तो समजतो.

---

डेसिबल

वर सुरक्षेचं आणि लॉगिनचं आलं आहे, मी हवेतल्या भागाबद्दल लिहितो. "मोठ्या फाइल डाउनलोड करू नयेत" हा नियम माणसांच्या हातात नाहीच. माणूस वर्तमानपत्र वाचत असतो आणि फोन आपणहून २ जीबीचा अपडेट उतरवत असतो. म्हणून नियम कृतीच्या भाषेत लिहा: अँड्रॉइड आणि विंडोजमध्ये हे नेटवर्क "मीटर्ड" (डेटा मोजून वापरायचं) करा, आयफोनवर "लो डेटा मोड" लावा. मग अपडेट आणि फोटोंचे बॅकअप बहुतांशी थांबून राहतात.

मर्यादा वेळेवर घालण्यापेक्षा वेगावर घाला. १०० एमबीपीएसची लाइन आणि एकाच वेळी ६० जण म्हटलं तर प्रत्येकाच्या वाट्याला दीड-पावणेदोन एमबीपीएस येतात. १०८० चा व्हिडिओ साधारण ५ एमबीपीएस खातो, ४८० चा एकाच्या आसपास. प्रत्येक उपकरणाला ४-५ एमबीपीएसची कमाल मर्यादा पुरे. तेवढ्यात व्हिडिओ कॉल नीट होतो आणि कोणा एकाला लाइन गिळता येत नाही. ५ एमबीपीएसने २ जीबी उतरायला पाऊण तासाहून जास्त वेळ लागतो, त्यामुळे फुकट नेटवर सिनेमे भरून न्यायला येणाऱ्यांचा उत्साह आपोआप ओसरतो. ६० मिनिटांनंतर लगेच पुन्हा लॉगिन करता येत असेल तर त्या मर्यादेने गर्दी कमी होत नाही, फक्त अर्ज भरत बसलेल्याचा अर्ज तुटतो. दोन तास करा.

दुसरी गोष्ट लोकांना माहीतच नसते. एका चॅनलवर एका वेळी एकच उपकरण बोलतं, त्यामुळे खरा तुटवडा हवेतल्या वेळेचा असतो. १५०० बाइटचं पॅकेट १ एमबीपीएसच्या दराने पाठवायला १२ मिलिसेकंद लागतात, १०० एमबीपीएसच्या दराने ०.१२. म्हणजे कुंपणापलीकडे, सिग्नलची एक काडी घेऊन बसलेला माणूस एक पॅकेट पाठवेपर्यंत खांबाजवळच्याची शंभर पॅकेटं झाली असती (वरखर्चाचा भाग सोडून). घाटात पुढे बैलगाडी असली की मागच्या सगळ्या मोटारी तिच्याच चालीने चालतात, तसं. उपाय दोन: ॲक्सेस पॉइंटवर १, २, ५.५ आणि ११ एमबीपीएस हे जुने दर बंद करा, आणि फलकावर खांबांच्या जागांचा साधा नकाशा द्या.

कुठे बसावं? खांबापासून २० ते ३० मीटरच्या आत, खांब डोळ्यांना दिसेल असं. बरोबर खांबाच्या खाली मात्र नको. चहूबाजूंना फेकणाऱ्या अँटेनाचा सिग्नल आडवा पसरतो, थेट खाली तो कमी असतो. झाडाची गर्द फांदी मध्ये आली की ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल २.४ पेक्षा जास्त मार खातो, आणि पाऊस पडून पानं ओली असली की आणखी. सिग्नल मोजणारं ॲप असेल तर उणे ६५ डीबीएमच्या (सिग्नलच्या ताकदीचं एकक) आसपास उत्तम, उणे ७५ च्या खाली कॉल तुटायला लागतो.

"काड्या भरलेल्या पण काहीच चालत नाही" ही तक्रारही यातलीच. काड्या खांबाचा आवाज फोनला किती ऐकू येतो ते दाखवतात. खांबाला फोनचा आवाज ऐकू येतो की नाही, ते त्यात नसतं. फोनची प्रक्षेपणशक्ती साधारण ३० ते ५० मिलीवॅट, खांबावरच्या यंत्राची त्याच्या कित्येक पट असू शकते. तेव्हा यंत्राची शक्ती पूर्ण वाढवून ठेवणं हा तोटाच. कमी करा, पल्ला आक्रसेल, पण जोडला गेलेला प्रत्येक जण नीट बोलू शकेल.

आणि वायफाय घेऊन पुन्हा हॉटस्पॉटने वाटू नका, हा नियम नक्की ठेवा. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारी चॅनलं तीनच: १, ६ आणि ११. फोनचा हॉटस्पॉट त्यातल्याच एकावर येऊन बसतो, कधी मधल्या चॅनलवर बसून दोघांनाही त्रास देतो.

---

बाकावरून

तिन्ही प्रतिसादांना +१. छोटी भर.

क्यूआर कोड छापणार असाल तर फलकाच्या मूळ छपाईतच घ्या, वर चिकटवू नका. चिकटवलेला कोड असला की त्यावर दुसरा चिकटवलेला कोणाच्या लक्षात येत नाही. वायफायचा कोड स्कॅन केल्यावर फोन "या नेटवर्कला जोडायचं का?" असं नावासकट विचारतो. तसं न होता सरळ एखादी लिंक उघडायला सांगितली तर तो कोड संशयास्पद. हे एका ओळीत लिहिता येईल.

उद्यानातल्या बाकांना यूएसबी चार्जिंगची सोय असेल तर "स्वतःचा ॲडॉप्टर किंवा पॉवर बँक वापरा" हेही टाका. दिव्याच्या खांबातून वायर ओढणारे महाभाग असतात, त्यांच्यासाठी वेगळी ओळ लागेलच.

अवांतर: हेडफोन लावा, हे वायफायच्या नियमात बसत नाही असं वाटेल, पण मोफत नेट आलं की फोनचे स्पीकरही मोकळे सुटतात.

---

हिरवळ

मनापासून आभार. लीज खरंच २४ तासांची निघाली, ती ४५ मिनिटं करायला सांगितली आहे. मसुदा असा केला आहे:

"१. नेटवर्कचं नाव याच फलकावर पाहून जोडा. नावात एका अक्षराचाही फरक असेल तर जोडू नका.
२. लॉगिनचं पान फक्त मोबाइल क्रमांक आणि ओटीपी विचारतं. पासवर्ड, कार्ड, ॲप किंवा प्रमाणपत्र मागितल्यास बाहेर पडा व कार्यालयात कळवा.
३. आपला ओटीपी दुसऱ्याला देऊ नका. त्या सत्राची नोंद आपल्या नावावर होते.
४. पान उघडत नसल्यास: व्हीपीएन बंद करा, प्रायव्हेट डीएनएस ऑटोमॅटिक करा, मग ब्राउझरमध्ये खालील पत्ता टाका.
५. ब्राउझरने प्रमाणपत्राचा इशारा दिल्यास पुढे जाऊ नका.
६. प्रत्येक उपकरणाला कमाल ५ एमबीपीएस. सत्र दोन तासांचं.
७. अपडेट व बॅकअप थांबवण्यासाठी नेटवर्क मीटर्ड करा.
८. हॉटस्पॉटने पुढे वाटू नका.
९. चांगल्या सिग्नलसाठी नकाशातल्या खांबांपासून ३० मीटरच्या आत बसा.
१०. हेडफोन वापरा."

काही राहिलं का? आणि लहान मुलांसाठी नको ती संकेतस्थळं आम्ही डीएनएसमधून अडवतो, ते लिहायला हवं का?

---

पोर्ट ४४३

लिहायला हवं, आणि पाचव्या ओळीला जोडूनच. अडवलेलं संकेतस्थळ एचटीटीपीएसवर असेल तर "हे बंद आहे" असं तुमचं पान दाखवता येत नाही. वापरणाऱ्याला प्रमाणपत्राचा इशारा किंवा नुसतं कोरं पान दिसतं, आणि त्याला वाटतं नेट बिघडलं. "काही संकेतस्थळं येथे बंद आहेत, ती उघडणार नाहीत" एवढं पुरे.

तिसऱ्या ओळीत "नावावर" ऐवजी "क्रमांकावर" करा, तुम्ही नाव घेतच नाही. त्याच ओळीत नोंद किती दिवस ठेवता तो आकडाही घाला. क्रमांक मागायचा आणि त्याचं पुढे काय होतं ते सांगायचं नाही, हे बरं नाही.

पहिल्या ओळीला एक शेपूट: "जाताना ऑटो-जॉइन बंद करा." नाही तर तोच फोन पुढे कुठेही त्या नावाच्या उघड्या नेटवर्कला मालकाला न विचारता जोडला जाईल.

---

लीज टाइम

सहाव्या ओळीत भर हवी: "दोन तासांनी इंटरनेट थांबेल, वायफाय बंद-चालू करून पुन्हा लॉगिन करा." सत्र संपलं की फोनला वायफायचं चिन्ह दिसतच राहतं, पानं मात्र अडकतात. आणि पडदा बंद असलेल्या फोनला निष्क्रिय समजून बाहेर काढायची मुदत फार कमी ठेवू नका, १५ ते २० मिनिटं असू द्या. पाच मिनिटांची असेल तर फोन खिशात टाकून एक फेरी मारली की पुन्हा ओटीपी.

ज्यांना ऑफिसचं काम करायचं आहे त्यांच्यासाठी फलकावर नव्हे, पण लॉगिनच्या पानावर: पोर्ट २५ बंद असतो, ईमेल पाठवायला ५८७ किंवा ४६५ वापरा. व्हीपीएन यूडीपीवर जुळत नसेल तर टीसीपी ४४३ चा पर्याय घ्या (यूडीपी आणि टीसीपी या डेटा पाठवायच्या दोन पद्धती). एकमेकांची उपकरणं या नेटवर्कवर दिसत नाहीत, ते मुद्दाम तसं ठेवलेलं असतं, त्यामुळे प्रिंटर किंवा शेअर केलेला फोल्डर शोधत बसू नये.

---

डेसिबल

वायफाय कॉलिंगला यूडीपी ५०० आणि ४५०० हे पोर्ट लागतात. ते बंद असतील तर उघडा, मोबाइलचं नेटवर्क कमकुवत असलेल्या कोपऱ्यात त्याचा खूप उपयोग होतो. पण आणीबाणीच्या फोनसाठी वेगळी ओळ हवीच: "आणीबाणीत वायफाय बंद करून मोबाइल नेटवर्कवरून फोन करा." वायफायवरून लागलेल्या कॉलमध्ये तुमचं ठिकाण चुकीचं जाऊ शकतं. त्या ओळीशेजारी उद्यानाचा पत्ता आणि जवळच्या खांबाचा क्रमांक मोठ्या अक्षरात छापा, आणि तेच क्रमांक खांबांवरही रंगवून घ्या. "वेग कमी आहे" अशी तक्रार येईल तेव्हा कुठल्या खांबाजवळ, हेही त्याने विचारता येईल.